पाच किलो मोहरीचं पोट

"आत काय भरलंय?" मॉनिटरवरची नजर न काढता सुमतीबाईंनी मला विचारलं.

"फोम," मी म्हटलं.

"तरीच. नववा महिना लागलेली बाई चटकन उठतेय. मी सही करणार नाही."

सुमतीबाई म्हणजे ज्यांच्या आयुष्यावर आमचा सिनेमा चालला होता, त्या. कालव्यांच्या इंजिनिअर, वय अठ्ठ्याहत्तर. करारात त्यांनी एकच अट घातली होती. गरोदरपणाचे सीन त्या स्वतः पाहणार आणि त्यांची सही झाल्याशिवाय ते सिनेमात जाणार नाहीत.

मी कॉस्च्युम डिझायनर. नटीचं खोटं पोट आमच्याच खात्यात येतं. सेटवर त्याला 'बेली' म्हणतात. सीन काही क्रमाने शूट होत नाहीत. सकाळी नववा महिना आणि जेवणानंतर चौथा, असंही होतं. म्हणून प्रत्येक महिन्याची बेली वेगळी आणि तिच्या मागे नंबर. माझी नऊ नंबरची चांगली गोल, देखणी होती. वजन असेल पाव किलो.

"आजी, पण स्क्रीनवर किती सुंदर दिसतंय," आमचा दिग्दर्शक सोहम म्हणाला. वय एकोणतीस, स्वतःचं लग्नही झालेलं नाही.

"मी कालव्यावर सुंदर दिसायला जात नव्हते."

चहा घेताना त्या माझ्याशी जरा मोकळं बोलल्या. "नववा लागला तरी रोज बांध चढत होते. ऑफिसात म्हणायचे, बाईंना काही जाणवतच नाही. मी गप्प बसले. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आता सिनेमातल्या बाईलाही काही जाणवलं नाही, तर ते सगळे खरेच ठरतील की हो."

मला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. पंचवीस वर्षं मी पोटं शिवतेय, पण एकदाही त्यांच्या वजनाचा विचार केला नव्हता.

सोहमने मला चार दिवस दिले. "ताई, जमलं तर ठीक. नाहीतर प्रेग्नन्सीचा अख्खा ट्रॅक उडवतो. तसाही सिनेमा लांबलाय."

मी कसबा पेठेत यासीनभाईंकडे गेले. त्यांचं गाद्या-उशांचं दुकान आजोबांच्या वेळचं आहे.

"यासीनभाई, नऊ महिन्यांचं पोट करून हवंय. पाच किलो वजनाचं."

"माप आणलंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी वाळू भरायचं सुचवलं. ते म्हणाले, "वाळू सगळी खाली बसते, ताई. पोट गुडघ्यावर येईल. मोहरी भरू. अंग वळलं की मोहरी वळते." तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवायच्या मोहरीच्या उशा ते वर्षानुवर्षं शिवताहेत. ही मोठी ऑर्डर, एवढंच.

दुसऱ्या दिवशी इराने, म्हणजे आमच्या नायिकेने, ती बेली बांधली आणि पहिलं काम काय केलं, तर खुर्ची शोधली. उठताना गुडघ्यावर हात टेकला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. सुमतीबाईंनी दोन सीनवर मुकाट्याने सही केली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शेवटचा सीन खडकवासल्याच्या कालव्यावर होता. इरा बांध चढते, बस. रिहर्सलमध्ये तिचा पाय घसरला आणि ती काठच्या पाण्यात बसली. तिला काही लागलं नाही. मी बेली वरून पुसली, हेअर ड्रायर फिरवला, पिशवीत घालून व्हॅनमध्ये टांगली. शूट तीन दिवसांनी होतं.

त्या सकाळी व्हॅनमधून इराची हाक आली. "ताई, पोटाला काहीतरी उगवलंय."

मी जाऊन पाहिलं. कापडाच्या विणीतून हिरवे कोंब बाहेर आले होते, बेंबीपाशी जरा दाटच. वासाचं न सांगितलेलं बरं. सुमतीबाई यायला तीन तास होते.

मी यासीनभाईंना फोन लावला.

"भिजवलीत?" ते म्हणाले. "ताई, मोहरी आहे ती. उगवणारच. नवीन आणा आणि भाजून भरा, मग नाही उगवायची. तडतडायच्या आत उतरवा."

जवळच्या वाण्याकडून पाच किलो मोहरी आणवली, केटरिंगवाल्याची मोठी कढई मागून घेतली आणि कॉस्च्युम डिझायनर बाई मोहरी भाजत उभ्या राहिल्या. जास्तीचं अस्तर होतं, ते घाईघाईने शिवलं. इराच्या अंगाला दिवसभर फोडणीचा वास येत होता. लाइटवाले दहा वाजल्यापासून जेवणाची चौकशी करत होते.

सुमतीबाई आल्या. दोरीवर लटकलेली जुनी बेली त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिली. "माझ्या वेळी हे झालं नव्हतं," म्हणाल्या आणि मॉनिटरसमोर जाऊन बसल्या.

इरा बांध चढू लागली. अर्ध्यावर थांबली, कमरेवर हात ठेवला, तोंड उघडून श्वास घेतला आणि परत निघाली. सोहम कट म्हणायचा विसरला. सुमतीबाईंनी पेन मागितलं.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा होता. त्या पोटातला तोच. आता पन्नाशीचा आहे. आईच्या प्रत्येक सत्काराला तो माइकवर सांगतो म्हणे, की माझ्या वेळी आईला काहीच त्रास झाला नाही. बांधाचा सीन लागला आणि त्याचा पॉपकॉर्नचा हात थांबला. मी मागच्याच रांगेत होते.

"आई, तू कधी बोलली नाहीस," तो हळूच म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

पुढचा सिनेमा त्याने किती पाहिला, देव जाणे. तो आईकडेच बघत होता.

हल्ली मी बेली शिवून झाली की आधी स्वतः बांधते आणि नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीचा जिना चढते. मग दिग्दर्शकाला ती बांधायला आणि चढायला लावते. इमारत चार मजली आहे. पुरुष दिग्दर्शक साधारण दुसऱ्या मजल्यावर टेकतात, आणि सीनमध्ये काय बदल करायचे ते त्यांना तिथेच सुचतं.