हातभर उंचीवरची कडी

मार्गासनीजवळच्या वाडीत एका बाईंना घरकुल मिळालं, तेव्हा मी अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होतो. त्यांचे पाय लहानपणीच लुळे पडलेले. हातांवर जोर देत बसूनच सरकायच्या. सगळा जन्म भावाच्या पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत काढलेला.

चूल, मोरी, फळी, सगळं आम्ही त्यांच्या हाताला येईल असं खाली बसवलं. दाराला आतून कडी मात्र मुद्दाम लावली नाही. एकट्या बाई, आत पडल्या तर दार कोण उघडणार?

"कडी न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग ही बी पडवीच की."

सुतारानं जमिनीपासून हातभर उंचीवर कडी ठोकून दिली. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. कडी लागली, निघाली, पुन्हा लागली. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. घाबरून मी दार वाजवलं.

"कोन हाय?"

सकाळपासून सोबत होतो, तरी मी नाव सांगितलं.

दार उघडलं. पदर सारखा करून त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.

"या. जन्मात पैल्यांदा कुनाला घरात या म्हनतीया."

दार चांगलं उंच होतं. तरी मी वाकूनच आत गेलो.