वन्संचं नाक

आमच्या घरात कांदे मी हाताने सोलते आणि वन्सं नाकाने. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या होत्या की तुझ्या कांद्यांनी पोट भरतं, माझ्या कांद्यांनी हॉल भरतो. आणि वाईट म्हणजे ते खरं होतं.

वन्सं माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. उंच, आवाज खणखणीत, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" एवढंच सांगतात. बरीच वर्षं एका मोठ्या हॉटेलात मेजवान्यांचं खातं सांभाळत होत्या. तिथे एकदा वरच्या साहेबाने बिघडलेली वाईन पार्टीत वाढून टाकायला सांगितली. गर्दीत कुणाला कळतंय, म्हणाला. वन्संनी त्याच्यादेखत एकेक बाटली सिंकमध्ये ओतली, हात धुतले आणि राजीनामा देऊन घरी आल्या. घरी आल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर मला रडू नकोस म्हणून दटावलं. मी रडत नव्हते. मला हसू येत होतं.

तेव्हा आमच्या तळमजल्यावर ह्यांचं फर्निचरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, न विकले गेलेले सोफे आणि त्यावर दुपारी झोपलेले आमचे हे. वन्संनी आधी सोफे हलवले, मग माझ्या नवऱ्याला हलवलं. लांब लांब टेबलं मांडून घेतली, पांढरे टेबलक्लॉथ शिवून घेतले, पिवळे दिवे लावले, आणि मला सांगितलं की तू स्वयंपाक करणार आहेस. विचारलं नाही, सांगितलं.

तेव्हापासून दर महिन्याला आमच्याकडे एक जेवण असतं. वाईन बनवणारं एखादं घराणं पाहुणं म्हणून येतं, पन्नासेक माणसं पैसे भरून जेवायला येतात, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर त्या घराण्याची एकेक वाईन वाढली जाते. वन्संचा नियम एकच: कंपनी नको, घर पाहिजे. ज्याची बाटली, तो माणूस आपल्या टेबलावर जेवायला बसला पाहिजे. कारखान्याला काय विचारणार, म्हणतात, तुझी धाकटी कशी आहे म्हणून?

आणि बोलतात त्यासुद्धा घराबद्दलच. वाईन तुम्ही पिणारच आहात, ती मी काय सांगू, माणसं सांगते, अशी सुरुवात करतात. एका घरातले बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत, पण छाटणीला मळ्याच्या दोन टोकांनी सुरुवात करतात आणि दुपारी बरोबर मधोमध येऊन भेटतात. तिथे एकच पाण्याची बाटली ठेवलेली असते. हे ऐकल्यावर लोक ग्लासकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतात. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे कितीतरी वेळा पाहिलंय.

पण वन्संची खरी किंमत बोलण्यात नव्हती, नाकात होती. बाटलीचं बूच कधीकधी आतल्या वाईनला बाधतं. मग तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतो. अशी एखादी बाटली टेबलावर गेली की लोकांना वाटतं, हे घराणंच असलं. म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक बाटली आधी वन्संच्या नाकाखालून जायची. बिघडलेली असेल तर कुणाचीही असो, सिंकमध्ये. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणत ओतायच्या. घराण्यांना त्यांचा धाक होता, आणि त्या धाकामुळेच घराणी यायची.

आणि मग वन्संना ताप आला. साधाच होता, आठवड्यात उतरला. त्यानंतर एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि मला दूध करपल्याचा वास आला. धावत खाली आले तर भांडं काळंठिक्कर पडलेलं, स्वयंपाकघर धुरकटलेलं, आणि शेगडीकडे पाठ करून वन्सं निवांत पेपर वाचतायत. मी ओरडणार होते, पण त्यांनी वळून भांड्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी नुसतीच शेगडी बंद केली. दूध करपल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. कॉफीची बरणी उघडून नाकाशी नेली, मग लसूण, मग व्हिनेगर. काही नाही.

डॉक्टर म्हणाले, येईलही परत, कदाचित नाहीही येणार. औषध नाही, धीर धरा. धीर हे औषध वन्संना जन्मात कधी मानवलेलं नाही.

आणि नेमकं त्याच महिन्यात म्हातारे मालक येणार होते. नाव घेतलं की वाईनवाले उभे राहतात असं ते घराणं. मालकांच्या पणजोबांनी लावलेले वेल, मालक स्वतः ऐंशीच्या पुढचे, आणि बाहेर कुठे जेवायला म्हणून जात नाहीत. वन्सं कितीतरी वर्षं त्यांच्या मागे होत्या. शेवटी ते हो म्हणाले ते एकाच कारणाने: ही बाई बिघडलेली बाटली ओतून टाकते, असं त्यांच्या कानावर गेलं होतं.

मी म्हटलं, पुढे ढकला. वन्सं नाही म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. यजमानीणबाईंना वासच येत नाही हे एकदा बाहेर फुटलं की कुठलं घराणं आपली बाटली आमच्या भरवशावर सोडणार होतं? जेवणं संपली असती. आणि जेवणांशिवाय वन्सं म्हणजे काय, हे मला कल्पनेतसुद्धा बघवत नव्हतं. ह्यांनासुद्धा सांगायचं नाही असं ठरलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दूध करपलं ते तुला गच्चीवर कळलं. आता तूच."

मला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही. मला ती आंबट लागते. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तर आंबट हा शब्द या घरात पुन्हा नको, असा हुकूम सुटला. वन्संनी एक पुठ्ठा पाण्यात भिजवून कोठीच्या खोलीत कुजत ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ मला त्याचा वास घ्यायला लावला. मग ग्लास समोर ठेवायच्या: यात आहे का? त्यात आहे का? माझ्या नाकी नऊ आले. भाजी चिरताना पुठ्ठा, उशीवर डोकं टेकलं की पुठ्ठा. पण शिकले. माझ्या नाकाची शपथ घ्यावी इतपत शिकले, असं मला वाटत होतं.

त्या संध्याकाळी हॉल असा भरला की ह्यांना दुकानातल्या उरल्यासुरल्या खुर्च्या काढाव्या लागल्या. म्हातारे मालक लेकीच्या हाताला धरून आले. कानाने कमी ऐकू येतं, म्हणून बोलतात मोठ्याने. वन्संनी त्यांना मधल्या टेबलावर बसवलं आणि त्यांच्या घराबद्दल असं काही बोलल्या की मालकांची लेक डोळे टिपत बापाच्या कानात पुन्हा सगळं सांगायला लागली. मशरूमच्या सुपाबरोबर पहिली वाईन गेली, माशाबरोबर दुसरी. प्रत्येक बाटली मी कोठीच्या खोलीत हुंगली, मान हलवली, वन्संनी उचलली. घेताना त्या स्वतःही बाटली नाकाशी नेत होत्या, दारातून कुणी पाहिलंच तर दिसावं म्हणून. मला हसूही येत होतं आणि गलबलूनही येत होतं.

तिसरी वाईन मटणाबरोबर जायची. ती मालकांची सगळ्यात जुनी, त्यांच्याकडेही मोजक्याच बाटल्या उरलेल्या. इतकी जुनी वाईन आधी उघडून ठेवत नाहीत, म्हणून ऐन वेळी उघडली. मी नाक लावलं. ओल. भिंतीला चढलेली ओल, बुरसा, बंद खोली. दुसरी बाटली उघडली, तीच ओल.

वन्संना सांगितलं, बिघडल्यात, दोन्ही. त्यांनी एकदाच विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तसूभर शंका नव्हती.

दुसरं कुणी असतं तर एवढ्या मोठ्या माणसापुढे गप्प बसून वाढून मोकळं झालं असतं. वन्सं सरळ मालकांच्या खुर्चीशी गेल्या आणि वाकून त्यांच्या कानात हळूच सांगितलं. आता ऐकू न येणाऱ्या माणसाला हळूच काय सांगणार? मालक अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "बिघडली? माझी?"

मालकांनी बाटली मागवली, ग्लासात ओतून घेतली. बराच वेळ वास घेतला. एक घोट घेतला. आणि तोच ग्लास वन्संपुढे धरला. म्हणाले, तुम्हीच सांगा काय बिघडलंय ते.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात मटणाचा डाव. वन्संनी ग्लास नाकाशी नेला. त्यांच्या नाकाला काय येणार होतं ते मला माहीत होतं. त्यांना सुटायला दोन वाटा होत्या. माझी चूक झाली, वाईन उत्तम आहे, असं म्हणून हसून मोकळं व्हायचं. किंवा, आमच्या भावजयीने सांगितलं, तिला काय कळतंय, म्हणून माझ्यावर ढकलायचं. मी मनातल्या मनात म्हणत होते, ढकला, वन्सं, ढकला माझ्यावर. माझं काय जाणार होतं? मी आपली मटणवाली.

वन्संनी ग्लास खाली ठेवला.

"मला काही येत नाही," त्या म्हणाल्या. तोच खणखणीत आवाज. "तापात माझं नाक गेलंय. आज प्रत्येक बाटलीचा वास माझ्या भावजयीनं घेतला. म्हणजे आज तिचं नाक तेच माझं नाक. ते चुकलं असेल तर मी चुकले, तिला कुणी काही म्हणायचं नाही."

एवढ्या वर्षांत या बाईने माझ्या स्वयंपाकाला कधी धड बरं म्हटलेलं नाही. मला एकदम इतका राग आला की विचारू नका. त्यांचा नाही, त्या म्हाताऱ्याचा. चांगली झाकलेली मूठ त्याने चारचौघांत उघडायला लावली होती. मी डाव तसाच हातात घेऊन मधल्या टेबलापर्यंत गेले आणि म्हातारबुवांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, "ओल्या तळघराचा वास येतो. तुम्ही कितीही मोठे असा, येतो म्हणजे येतो."

मालक लेकीकडे वळले. मग त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना.

"बरोबर," ते म्हणाले. "ते आमचं तळघर आहे."

मग त्यांनी सांगितलं. पणजोबांनी नदीला लागून तळघर खोदलं. भिंती बारा महिने पाझरतात. ही वाईन त्यात वर्षानुवर्षं पडून होती, आणि त्या ओलीचा वास तिच्यात मुरतोच. ती बिघडली नव्हती. ती अशीच असते. लोक तो वास येऊनही बोलत नाहीत, म्हणाले, मोठ्या घराण्याची वाईन, म्हणून भितात. "वास बरोबर ओळखलात, बाई. निकाल चुकलात."

निकाल चुकले, कबूल. कुजका पुठ्ठा शिकवला होता, पाझरणारं तळघर शिकवलं नव्हतं.

मालकांची लेक उठली आणि स्वतः सगळ्यांना वाढायला लागली. मालकांनी शेजारची खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं. मी ॲप्रनसकटच बसले. वन्सं मात्र उभ्याच होत्या, ग्लास हातात घेऊन, आणि पहिल्यांदाच मला त्या कुठे बघावं हे न कळणाऱ्या माणसासारख्या दिसल्या. इतकी वर्षं जिच्या मागे लागल्या ती वाईन हातात होती, आणि त्यांच्यापुरती ती नुसतं लाल पाणी होती. सगळा हॉल त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून थांबला होता.

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. ग्लास माझ्या नाकाखाली धरला.

"सांग गं मला," म्हणाल्या. "नीट सांग. घाई करू नकोस."

मी डोळे मिटले. ओल तर होतीच, पण आता ती निवली होती. तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. मी म्हटलं, वन्सं, सुकलेलं अंजीर आहे. जुन्या चामड्याची पेटी उघडल्यावर येतो तसा वास आहे, पेटीत कुणीतरी लवंग विसरलंय. आणि पाऊस नाही, पण पाऊस पडून गेल्यावर दगडी पायरीला येतं ना, तसं काहीतरी. थांबा. लाकूड आहे, जळलेलं नाही, नुसतं उन्हात तापलेलं. वन्सं एकेका शब्दावर मान हलवत होत्या. मग त्यांनी ग्लास घेतला, छोटासा घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, जरा मोठ्याने सांगा, इकडे ऐकू येत नाही.

वन्संनी घोट गिळला आणि वळून म्हणाल्या, "तुम्हाला नाक आहे ना? मग घ्या की वास. ती मला सांगतेय."