डाव्या हाताची बटणं

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी दिलेला विषय ऐकायला मोठा होता. प्रगत वापरकर्त्यांना कॉम्प्युटरचा फाइल मॅनेजर आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेता यावा, म्हणून काय करता येईल? फाइल मॅनेजर म्हणजे फोल्डर उघडला की आतल्या फाइली दाखवणारी ती रोजची खिडकी. सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "हा प्रगत वापरकर्ता म्हणजे कोण? एखादा दाखव."

माझ्या मनात तो इंटरनेटवर लांबलचक चर्चा करणारा कुणीतरी होता, आणि त्याला मी कधी भेटलो नव्हतो. गव्हाणच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे वर्गात प्रश्न आला की आधी मला वाटतं, हे बाकीच्यांना माहीत असणार. मी मान खाली घालून कागद परत घेतला.

कॉलेजसाठी मी पनवेलला चुलतभावाकडे राहतो. भाऊ कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला आहे. वहिनी घरीच लग्नाच्या अल्बमचं काम करते. एक फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतो, त्यात एकेका लग्नाचे हजारो फोटो असतात. त्यातले चांगले निवडायचे, वाईट काढून टाकायचे आणि मुलीकडच्यांचा एक, मुलाकडच्यांचा एक असे दोन अल्बम लावायचे. आमच्याकडे हळदीलाच गाव लोटतं, त्यामुळे हळदीचे फोटो लग्नापेक्षा जास्त. वहिनी हे काम इतकी वर्षं करतेय की फोटो पूर्ण उघडायच्या आत तिचं ठरलेलं असतं.

त्या हिवाळ्यात तिचं उजवं मनगट दुखायला लागलं. आधी तिने बाम लावून निभावलं, मग कणीक मळताना हात थांबायला लागला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि माउस बंद करायला सांगितलं. लग्नसराई तोंडावर होती. फोटोग्राफर भला माणूस, पण त्यालाही तारखा पाळायच्या होत्या. चहा पिता पिता तो म्हणाला की यंदा खारघरच्या एका मुलाला काम देऊन बघतो, तुम्ही आराम करा. वहिनी हो म्हणाली. तो गेल्यावर ती बंद कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. हे काम एकदा हातातून गेलं की परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. मलाही ते कळत होतं.

मी घाबरत घाबरत म्हटलं, की माउसशिवाय जमेल असं काहीतरी करून बघू का. ती हसली. "भाऊजी, तुमचा प्रोजेक्ट माझ्यावर करताय होय? करा. बेडूक कापतात तसं कापू नका म्हणजे झालं."

तिच्या कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या फाइल मॅनेजरमध्ये बदलण्यासारखं फारसं काही नव्हतं. फोटो लहान-मोठे दिसावेत, नावाप्रमाणे लागावेत, एवढंच. मी फुकट मिळणारा दुसरा एक फाइल मॅनेजर आणला. त्याची सगळी सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, हे ओळीओळीने लिहायचं. मी वहिनीशेजारी स्टूल टाकून बसलो आणि ती दिवसभर काय काय करते ते बघत राहिलो. मग डाव्या हाताच्या बोटांखाली येतील अशी बटणं नेमली. एक पुढच्या फोटोसाठी, एक मागच्यासाठी, एक डोळे मिटलेले फोटो काढून टाकण्यासाठी. एक बटण मुलीकडच्यांचं, एक मुलाकडच्यांचं. दाबलं की फोटो त्या त्या फोल्डरात जाई आणि पुढचा समोर येई. "खात्री आहे का?" असं विचारणारी चौकटही मी बंद केली, कारण वहिनीला दर वेळी खात्री असायची.

दोन दिवस ती अडखळली. मग डावा हात चालू लागला. पट्टा बांधलेला उजवा हात मांडीवर ठेवून ती फोटो मागे टाकत होती आणि मी शेजारी बसून मनातल्या मनात सरांना उत्तर देत होतो. फोटोग्राफरने एक लग्न देऊन बघायचं कबूल केलं. हे जमलं तर सराईचं काम इथेच, असं तो म्हणाला.

लग्न आमच्याच गव्हाणचं होतं. नवरी म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या मामाचीच मुलगी. काम वेळेआधी झालं. छापण्याआधी दाखवायच्या प्रती फोटोग्राफर दोन्ही घरी घेऊन गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मुलाच्या घरी सगळे अल्बम बघायला बसले होते. नवऱ्याच्या धाकट्या मामाने पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली आणि अल्बम मिटून ठेवला. "माज्या भाच्याच्या लग्नात मीच नाय?" एवढंच तो बोलला आणि न जेवता निघून गेला. त्याचे सगळे फोटो मुलीकडच्या अल्बममध्ये होते, कारण तो नवरीचा चुलता.

वहिनीने फोन ठेवला. माझ्यावर रागावली नाही. तिने कॉम्प्युटर लावला, मुलीकडच्यांच्या फोल्डरात शोधून एक फोटो उघडला आणि मला बोलावलं. हळदीने कपाळापासून मानेपर्यंत पिवळा झालेला मी होतो, नवरीच्या मांडवात, पंगतीत पापड मागताना. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याच्या घरीही जेवलो होतो. गावातले आम्ही सगळेच दोन्हीकडे जेवलो होतो.

"तुम्ही कोणाकडचे, भाऊजी?" तिने विचारलं.

मग तिने सांगितलं की माउसवर असताना ती अशा माणसांचे फोटो दोन्ही फोल्डरांत टाकायची. त्याचा वेगळा विचार करावा लागत नसे, हात आपोआप ते करायचा. माझं बटण दाबलं की फोटो एका बाजूला जाऊन समोरून नाहीसा होई, आणि समोरून गेलेला फोटो तिच्या लक्षातूनही जाई. मी तिच्याशेजारी इतके तास बसलो होतो, पण ती फोटो दोनदा टाकते ते मला दिसलं नव्हतं. दिसलं असेल तर चुकून होत असेल असं वाटलं असेल.

फोटोग्राफरने सोमवारपर्यंत वेळ दिला. मी सेटिंगची फाइल पुन्हा उघडली आणि कुठली ओळ काय करते, ती कशी लिहायची, ते या वेळी वहिनीला दाखवत गेलो. आता बटणाने फोटो हलायचा नाही, फक्त त्यावर खूण पडायची. मुलीकडचा असेल तर हिरवी, मुलाकडचा असेल तर निळी. दोन्ही बटणं दाबली तर दोन्ही. अल्बम लावताना एकेका रंगाचे फोटो वेगळे काढायचे. फाइल मॅनेजरला हे आधीपासून येत होतं. सगळं फोल्डरांतच बसलं पाहिजे हा हट्ट माझा होता.

वहिनीने सगळं लग्न पहिल्यापासून पुन्हा पाहिलं. निम्म्याहून जास्त फोटोंवर दोन रंग पडले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता गाव गावासारखं दिसतंय."

नवी प्रत घेऊन फोटोग्राफर आधी त्या मामाकडेच गेला. मामा काय बोलला ते आम्हाला कळलं नाही. फोटोग्राफर परत आला तेव्हा त्याच्या एका हातात मामाच्या घरचा तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात पुढच्या तीन लग्नांच्या हार्ड डिस्क. त्या त्याने टेबलावर ठेवल्या. खारघरच्या मुलाचं नाव पुन्हा निघालं नाही.

कॉलेजात मी सरांना सांगितलं की माझा प्रगत वापरकर्ता म्हणजे माझी वहिनी. सर म्हणाले, ठीक आहे, पण सेटिंग तर तू करून देतोस. ते खरंच होतं. प्रोजेक्टच्या अहवालात तसंच लिहून टाकावं, असं मी ठरवलं होतं.

मग एका दुपारी वहिनी बाजारात गेली असताना मी एक फाइल शोधायला तिच्या खुर्चीत बसलो. समोर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता, डोळे मिटलेले. मी सवयीने काढून टाकायचं बटण दाबलं. फोटो गेला नाही. त्यावर एक पिवळी खूण होती, आणि ती मी केलेली नव्हती. सेटिंगची फाइल उघडून बघितली. माझ्या ओळींच्या खाली दोन नव्या ओळी होत्या, मी शिकवलं होतं त्याच पद्धतीने लिहिलेल्या. एका ओळीने पिवळ्या खुणेसाठी नवं बटण नेमलं होतं, दुसरीने खूण असलेला फोटो काढता येणार नाही असं केलं होतं.

ती आल्यावर मी विचारलं. पिशवीतून मेथीच्या जुड्या काढता काढता तिने सांगितलं, की खूप म्हाताऱ्या माणसांचे डोळे मिटलेले असले तरी ती ते फोटो ठेवते. पुष्कळदा तोच शेवटचा असतो, आणि नंतर लोक तोच मागायला येतात. घाईत आपल्याच हातून उडू नये म्हणून तिने खूण करून ठेवली होती.

"मला विचारलं असतं तर करून दिलं असतं," मी म्हटलं.

"तुमची परीक्षा होती ना," ती म्हणाली आणि डाव्या हाताने मेथी निवडायला बसली.