सात शाळांचा तक्ता

माझी धाकटी नणंद शिक्षण खात्याच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकून होती. आमच्या भागातल्या सात सरकारी हायस्कुलांचा तुलनात्मक तक्ता दर वर्षी निकालानंतर तीच तयार करायची. ओळीखाली पट्टी ठेवून प्रत्येक आकडा तीनदा पडताळायची. कचेरीत तिला सगळे ‘काटा’ म्हणत, तराजूचा काटा. तिला ते आवडायचं.

त्या सातांपैकी गिरणीमागच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे आमचे हे, तिचे सख्खे थोरले भाऊ. बाकीच्या शाळा कच्च्या मुलांना परीक्षेचा फॉर्मच भरू देत नसत. हे मात्र सगळ्यांना बसवत. “नापास व्हायला तरी मिळू दे पोरांना,” म्हणायचे. साहजिकच तक्त्यात यांची शाळा शेपटाला.

एका वर्षी वरून हुकूम आला, की सलग तीन वर्षं तळाला राहील ती शाळा बंद. यांची दोन वर्षं भरली होती.

रविवारी नणंद जेवायला आली तेव्हा यांनी विषय काढला. “चिमणे, शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिही. कुठल्या शाळेतली किती मुलं परीक्षेला बसलीच नाहीत, एवढंच. खोटं काही नको.”

“खरं आहे रे दादा. पण लिहिणारी तुझी बहीण. लोक म्हणतील, काटा घरच्या पारड्याकडे झुकला.”

“मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घे.”

“तक्त्यावर सही माझी असते.”

“वन्सं, तुम्ही काटा आहात की कुलूप?” मी चिडून म्हणाले. ती हसली, पण हातातला घास तिने ताटात परत ठेवला.

तक्ता गेला तो शेरा कोरा ठेवूनच. शाळा बंद झाली. मुलांना लांबलांबच्या शाळा वाटून दिल्या. एकशे बारापैकी अठ्ठेचाळीस मुलं तिथे पोचलीच नाहीत. त्यांची नावं यांनी सांगितली तशी मी रोजनिशीत उतरवून घेतली.

यांची बदली पहिल्या नंबरच्या शाळेत झाली. तिथलं पहिलंच काम, कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून फॉर्म भरू नका म्हणून समजवायचं. दुसऱ्या पालकापाशीच हे उठले आणि घरी आले ते कायमचे. त्यानंतर जेमतेम दोन वर्षं जगले. बहिणीला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. बोलले असते, भांडले असते, तर तिला निदान रडता तरी आलं असतं.

निवृत्तीनंतर ती माझ्याकडेच राहायला आली. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने विचारलं, “वहिनी, तेव्हा ती ओळ लिहिली असती, तर लोक खरंच बोलले असते का हो मला?”

“बोलले असते, वन्सं. चार दिवस.”

“चारच ना,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.