वाटसरू कळशी

एका कळशीवरून औशात नवरा-बायकोचं भांडण झालं, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. ताहेरमियाँ आणि वहिदा घरात दखनीत बोलायचे. पण भांडण निघालं की वहिदा मराठीवर यायची. भिंतीपलीकडच्या बायांना न्याय करायला सोपं जावं म्हणून.

“माझी घागर दिवाळीपासून गळायलीय. आन् तुमच्या ओसरीत नऊ भांडी पालथी निजलेत! त्यातली ती कळशी द्या म्हणलं तर जिवावर येतंय.”

“ती आपली न्हाई.”

“मी कुठं आपली म्हणले? पाणी भरते, परत पालथी घालते. झिजती का काय?”

“झिजती.”

“मग त्या भांड्यांसंगच संसार करा. भाकरी बी त्यांनाच मागा!”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ताहेरमियाँ हसला नाही. उद्याच्या उद्या ही कळशी घरातून काढायची, असं त्यानं तिथंच ठरवलं. राग माणसाला कामाला लावतो, पण ते काम धड होत नाही. हे त्याला अठरा वर्षांनी कळलं.

ताहेरमियाँ भांड्यांवर नावं घालणारा. औशाच्या बाजारात भांड्याच्या दुकानापुढं पोतं अंथरून बसायचा. मांडीवर भांडं, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. टकटक करत अक्षर उमटायचं, तशी पोरं गोळा व्हायची. शाळेत तो चौथीपर्यंत गेलेला. वाचायला अडखळायचा, पण घालायला कधी चुकला नाही. त्याचा बाप निजामाच्या काळात उर्दूत नावं घालायचा. यानं मराठी धरली. बापाची एक खूण मात्र ठेवली. नाव संपलं की खाली तीन ठिपके, चुलीच्या तीन दगडांसारखे. त्या ठिपक्यांवरून आपलं काम तो कुठंही ओळखायचा.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. किल्लारीकडच्या गावांतली घरं दगडमातीची. ती माणसांवर बसली. माणसं काढून झाल्यावर ढिगाऱ्यातून भांडी निघाली. चेपलेली, पण नावासकट. पत्र्याच्या शेडांपुढं त्यांचे ढीग लागले. कोणी आपली ओळखून नेली, कोणी दुसऱ्याची ओळखून नेली. काही गाडे भरून मोडीत निघाली. औशाच्या मोडवाल्याकडं ताहेरमियाँनं एक तांब्या उचलला, पालथा केला, तर खाली तीन ठिपके. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना.

मोडवाल्याच्या हातापाया पडून, शेडांत हिंडून तो आपली भांडी वेचायला लागला. नाव वाचायचा, गाव आठवायचा. मालक नसला तर मालकाची लेक कुठं दिली ते शोधायचा. मग त्या वाटेला जाणारा माणूस गाठायचा. कंडक्टर, दूधवाला, माहेराहून निघालेली सून, कोणीही. देताना बजावायचा, “हे वाटसरू हाय. ह्याच्यात पाणी भरायचं न्हाई, शिजवायचं न्हाई. चार दिसांच्या वर घरात ठेवायचं न्हाई. तुमच्यानं पुढं जात नसंल तर घेऊच नका, मला राग न्हाई.” भांड्यात मूठभर ज्वारी टाकून तोंड फडक्यानं बांधायचा, कारण रिकामं भांडं कोणाच्या दारात पाठवू नये. आणि पोचलं की त्याच वाटेनं उलटा निरोप यायला पाहिजे, “पोचलं.” हा एक शब्द आला की तो भिंतीवर कोळशानं रेघ ओढायचा. वहिदा म्हणायची, “भिंत माझी, सारवायची मी, आन् रेघा लोकांच्या.”

अशा अकरा रेघा झाल्या होत्या. ती कळशी बारावी.

कळशी होती तुळजाबाईची. भूकंपाच्या आधी उन्हाळ्यात ती ताहेरमियाँपुढं येऊन बसली होती. दिवाळीनंतर लेकीचं, सिंधूचं लगीन होतं. नाव घालून होईस्तवर बाई हलली नाही. मग तिनं बोट पुढं केलं. “ह्यातलं माझं कुठलं?” त्यानं तिचं बोट धरून ‘सिंधूस’च्या वरच्या अक्षरांवर ठेवलं. *तुळजाबाईकडून.* बाई बोट फिरवत राहिली. “आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कुठंतरी लिवलं, बघा,” म्हणाली, आणि लाजली.

तुळजाबाई ढिगाऱ्यात गेली. सिंधू आजोळी होती म्हणून राहिली. नातेवाइकांनी घाईघाईनं तिचं लगीन उदगीरला उरकलं. जायच्या आधी ती ताहेरमियाँकडं आली. अंगावर वाटपातलं लुगडं, दोन बोटं आखूड.

“मामू, आईचा फोटो न्हाई. घर न्हाई. रेशनकार्डावर बी बापाचंच नाव. आईचं नाव तेवढ्या कळशीवर हाय. सापडली तर मला द्या.”

“सापडली तर तुझ्या हातात पोचंल,” तो म्हणाला. आणि दोन महिन्यांनी खरंच सापडली. कळशी खांद्याला चेपली होती, पण नाव शाबूत होतं.

ती त्यानं स्वतः न्यायची, असं मनात धरलं होतं. उदगीर म्हणजे दोन एसट्या आणि एक अख्खा दिवस. पुढच्या बाजारानंतर जाऊ, म्हणत होता. मध्येच ते भांडण झालं. दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा धान्याच्या मोंढ्यात भेटला. लातूरचा अडत्या, दर आठवड्याला उदगीरला जाणारा, कपाळाला भस्म, बोलायला साखर.

“द्या की मियाँ. माझ्या गाडीत काय जड होतीय?”

“अण्णा, वाटसरू हाय.”

“हाव हाव, ठाऊक हाय तुमचं वाटसरू.”

निरोप आला नाही. पंधरा दिवसांनी ताहेरमियाँनं विचारलं. गुरुबसप्पा म्हणाला, “उदगीरच्या स्टँडवर तिच्याच गल्लीतली बाई भेटली. तिच्याजवळ दिली. पोचली नसंल तर बाईला धरा.” बाईचं नाव? विचारलं नव्हतं. ताहेरमियाँ उदगीरला गेला आणि स्टँडवर दिवसभर बायांना विचारत बसला. एका कंडक्टरनं त्याला खुळा समजून चहा पाजला.

सिंधू दर वर्षी यायची. हात हलवत जायची. कधी बरं-वाईट बोलली नाही, ते जास्त लागायचं. एका वर्षी म्हणाली, “आता इचारणार न्हाई मामू. इचारलं की आई परत एकदा मरती.” मग यायची बंद झाली.

इकडं लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. दहावी झाली की गावोगावची पोरं लातूरला. खोलीखोलीत चार खाटा, भिंतीभिंतीवर नंबरात आलेल्यांचे फोटो. खेड्यातून आया पहाटे भाकऱ्या थापून डबे एसटीत ठेवायच्या. डबा म्हटला की नाव आलं. ताहेरमियाँ औसा सोडून लातूरला गेला. गंजगोलाईच्या मागं बसायला ओटा दिला तो गुरुबसप्पानंच, आपल्या घरापुढं. “मियाँ, तुम्ही घरचेच,” म्हणाला. छिन्नी जाऊन विजेचं यंत्र आलं, घर्रर्र करणारं. पण डबा घेऊन आलेल्या प्रत्येक आईला ताहेरमियाँ तेच सांगायचा. रिकामा परत पाठवू नका, मधल्या हातानं उघडू नये, पोचला की निरोप.

उन्हाळ्यात दुपारी आतून गुरुबसप्पाची बायको दानम्मा तांब्याभर पाणी पाठवायची. गार पाणी, वाळा घातलेलं. ताहेरमियाँ अलगद वरून प्यायचा आणि दुवा द्यायचा. सोळा वर्षं प्याला.

गुरुबसप्पानं मग वरचे दोन मजले चढवले, मुलींच्या वसतिगृहासाठी. लेकाच्या नावावरून ‘सत्यम’ नाव ठरलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दानम्मा स्वतः ओट्यावर आली. हातात कळशी.

“मियाँ, कळस मांडायला पितळेचीच लागती. ह्याच्यावरचं जुनं काय असंल ते घासून काढा, आन् ‘सत्यम’ घाला. मोठं घाला.”

त्यानं कळशी मांडीवर घेतली. खांद्याला चेप. पालथी केली. तीन ठिपके.

“अक्का, ही कुठून आली?”

“आमचीच की. कवापासून पाणी हिच्यातच असतंय. तुम्ही बी पेलाव की.” मग तिला काहीतरी आठवलं. “यांनी आणलेली. भूकंपाच्या साली. उदगीरला न्यायची म्हणत होते, गडबडीत राहिली. आठ दिस राहिली की वस्तू घरची होती बघा. मग द्यायची म्हणलं तरी लाज वाटती. आन् कोण यायलंय न्यायला? त्या गावात राहिलंय कोण?”

बाई खोटारडी नव्हती. तेच तर वाईट होतं.

ताहेरमियाँनं अक्षरांवर बोट फिरवलं. बोटाला काही लागेना. अठरा वर्षं रोज चिंच आणि राख. दानम्मा चोख बाई, तिच्या घरात पितळ सोन्यासारखं. खालचं ‘सिंधूस’ अर्धंमुर्धं होतं. ठिपके खोल होते म्हणून राहिले. वरचं ‘तुळजाबाईकडून’ जिथं होतं, तिथं दानम्माचा डोळा, त्याचा डोळा आणि आभाळ दिसत होतं.

“ही मी नेतो,” तो म्हणाला.

गुरुबसप्पा बाहेर आला. आधी हसला, मग आवाज चढवला. “एका मोडक्या कळशीपायी? दुसरी नवी घ्या की माझ्याकडून! वास्तुशांतीच्या तोंडावर घरातला कळस नेता?” शेवटी म्हणाला, “नेणार असाल तर संगं यंत्र बी न्या. ओटा मोकळा करा.”

ताहेरमियाँनं यंत्राची वायर गुंडाळली.

घरी वहिदानं सगळं ऐकलं. मग दखनी सोडून मराठीत म्हणाली, “मला पाणी भरू दिलं असतंत, तर डोळ्यापुढं तरी राहिली असती.” भिंतीपलीकडं आता ऐकणारं कोणी नव्हतं. तरी मराठीतच म्हणाली.

त्यानं छिन्नी काढली नाही. “परत घाला की नाव,” वहिदानं सुचवलं. “वाटेवरच्या भांड्यावर हात चालवायचा न्हाई,” तो म्हणाला. मूठभर ज्वारी टाकली, फडकं बांधलं. सकाळी उदगीरच्या एसटीत कळशी मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणाला, “आज्जा, खाली ठेवा की.” त्यानं ऐकलं नाही.

सिंधूचे केस लवकर पिकले होते. फडकं सोडून ती कळशीकडं बघत राहिली. बोट पुढं केलं, अगदी आईसारखं.

“मामू, आई कुठं हाय ह्यात?”

त्यानं तिचं बोट धरलं आणि गुळगुळीत जागेवर ठेवलं. “इथं होती.”

बोट तिथंच राहिलं. ती रडली नाही. म्हणाली, “लोकांनी पाणी पेलं व्हय? पिऊ द्या. आई बी कुणाला पाण्याला न्हाई म्हणली न्हाई कधी.” हे माफ केल्यासारखं वाटेल कोणाला. ताहेरमियाँला तसं वाटलं नाही. त्यानं मान वर केली नाही.

निघताना तिनं फडक्यात गुळाचा खडा बांधून दिला, आणि एक डबा पुढं केला. “लातूरला चाललाव तर एवढा पोरीचा डबा न्या. सुकन्या. बारावीला हाय, शिकवणीला. स्टँडवर येती रोज.”

डबा स्टीलचा, कोरा. कागद चिकटवून पेनानं नाव लिहिलेलं, घामानं फुटलेलं. एसटीत ताहेरमियाँचा हात दोनदा पिशवीतल्या छिन्नीकडं गेला. *सिंधूकडून.* सहा अक्षरंसुद्धा नाहीत. दोनदा गेला, दोनदा परत आला.

लातूरच्या स्टँडवर सुकन्या घड्याळ बघत उभी होती. छातीशी पुस्तकं. डबा घेतला, निघालीसुद्धा.

“माय, रिकामा परत पाठवू न्हाई बरं.”

“काय?”

“काहीतरी घालावं त्यात. चिंच, बोर, काही.”

“बरं,” म्हणाली आणि गर्दीत शिरली. ऐकलं की नाही, कोण जाणे.

ताहेरमियाँ उदगीरच्या परतीच्या गाडीकडं वळला. कंडक्टर तिकिटं फाडत होता. तो खिडकीशी उभा राहिला, सगळ्यांचं होऊ दिलं, मग म्हणाला, “तिकडं सिंधूबाई स्टँडवर इचारायला येईल. तिला एवढं सांगा. पोचला.”