दारातल्या चपला

काका फुटपाथवर चपला काढायचे.

उड्डाणपुलाखाली कुणी पोतं अंथरून बसलेलं दिसलं की ते पोत्याच्या कडेशी थांबायचे, चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवायचे आणि जरा वाकून विचारायचे, "येऊ का आत?" समोरचा माणूस गोंधळायचा. आत म्हणजे कुठे? डोक्यावर पूल, चारी बाजूंना रस्ता आणि कंपन्यांच्या बसगाड्या अंगावर धुरळा उडवत चाललेल्या. पण काका उभेच. त्याने "या" म्हटल्याशिवाय पोत्यावर पाय ठेवायचे नाहीत. कुणी शिवी हासडली तर "बरं, उद्या येतो" म्हणून चपला घालायचे आणि उद्या खरंच यायचे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे नाटक आहे. आमच्या क्षेत्रात नाटकी माणसं कमी नाहीत. तुम्हीही पाहिली असतील, फोटो निघेपर्यंत मांडी घालून बसणारी. पण काकांचा फोटो कधी कुणी काढला नाही, आणि काढू लागलं तर ते चपला घालून चालू लागायचे. नाव छापून आलेलंही त्यांना चालायचं नाही, म्हणून इथेही ते नुसते काकाच.

आमची संस्था लहानशी. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला निवाऱ्यात आणायचं, त्याची कागदपत्रं करून द्यायची, झेपेल ते काम बघायचं आणि मग भाड्याच्या खोलीत त्याचा त्याला राहता करायचा, एवढंच आमचं काम. पिंपरीपासून चाकणपर्यंत आमचा मुलूख. काका माणसं शोधायचे आणि खोल्याही शोधायचे. मी कार्यालयात बसून फायली सांभाळायचे. माणूस खोलीत गेला की तीन महिन्यांत तीन गृहभेटी. त्या झाल्या की मी फायलीवर लिहायचे, 'स्थिरावले', खाली सही करायचे आणि फाइल कपाटात. हा शब्द मला फार आवडायचा. त्यातून माझं अक्षर चांगलं.

एकदा काका टेबलाशी उभे राहून मी काय लिहितेय ते बघत होते.

"ताई, ह्यो स्थिरावला कशावरून म्हनता?"

"करारनामा झालाय, गॅस आलाय, तीन भेटी झाल्यात. अजून काय हवं?"

"आन चपला?"

मला कळेना. मग त्यांनी समोरच्या खुर्चीवर बसून सांगितलं. रस्त्यावर झोपणारा माणूस सगळ्यात आधी चपला सांभाळतो. त्या गेल्या तर दुसऱ्या दिवशी कामावर अनवाणी कोण उभं करणार? म्हणून तो चपला उशाला घेऊन झोपतो. "त्याला खोली द्या, कुलूप द्या, काय बी द्या. चपला उशालाच ऱ्हातेत. सहा म्हैने, वरीस. ज्या दिवशी त्यो चपला दाराभाईर काढून आत निवांत झोपतो ना, त्या दिवशी त्यो घरी आला समजा. तुमचा कागुद काय बी म्हनू द्या."

"फॉर्ममध्ये चपलांचा रकाना नाही, काका."

"मग काढा की एक."

मी हसले. रकाना काही काढला नाही.

काका परभणीकडचे. भोसरीत कंपनीत कामाला म्हणून आले आणि इथलेच झाले. सावकाश बोलायचे, सावकाश चालायचे. कार्यालयात कुणी घाई करू लागलं की म्हणायचे, "घाई न्हाई आपल्याला, पोचायचंय." मी वैतागायचे. माझा स्वभाव तसा तापटच, आणि महिन्याचा अहवाल मलाच पाठवावा लागे. पण त्यांनी खोलीत पोचवलेली माणसं टिकायची आणि आमच्यातल्या चपळ मंडळींनी पोचवलेली महिन्याभरात परत पुलाखाली दिसायची, हे मलाही दिसत होतं.

निगडीच्या बस स्थानकावर एक मावशी बसायच्या. कडेच्या बाकावर, मांडीवर गाठोडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं बसची वाट बघतायत. चार वर्षं त्या अशी वाट बघत होत्या. काका त्यांच्या बाकापासून हातभर अंतरावर चपला काढायचे. मावशी मान फिरवायच्या. "बरं, उद्या येतो." असे किती उद्या गेले कुणास ठाऊक. एक दिवस मावशींनी गाठोडं उचलून बाकावर जागा केली. काकांनी कार्यालयात येऊन सांगितलं, "घरात घेतलं बरं का मला."

मावशींना चाकणजवळच्या एका वाडीत खोली मिळाली. एका शेतकरी कुटुंबाने आपल्या रानात बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची रांग, भोवती कंपन्या. जवळच्या मेसमध्ये चपात्या लाटायचं काम मिळालं. आठव्या दिवशी मावशी परत निगडीच्या बाकावर! मी कपाळाला हात लावला. काका शांतपणे त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"कामून आलात मावशी? गळतंय का?"

"गळत न्हाई. पर बोलायला कुनी न्हाई वो. हितं गाड्या तरी येत्यात."

काकांनी मावशींना वाडीला परत पोचवलं आणि तेव्हापासून दर गुरुवारी त्यांच्याकडे जायला लागले. गुरुवार म्हणजे आमच्याकडे कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस, आणि काकांचीही तीच सुट्टी. ते तीन गुरुवार तीन भेटी धरून मी मावशींच्या फायलीवर 'स्थिरावले' लिहून टाकलं. काका जातच राहिले. मी म्हटलं, "काका, फाइल बंद झाली. सुट्टीत तरी आराम करा."

"सुट्टीत कुठं जावं मग मानसानं?"

मला वाटलं, हे उत्तर आहे. तो प्रश्न होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

मग एका गुरुवारी दुपारी त्यांचा फोन. "ताई, या. आत्ताच्या आत्ता या." आणि फोन बंद. मी लगेच निघाले. एक बस, दोन शेअर रिक्षा, चाकणच्या चौकात ट्रेलरांची रांग. पोचले तर काका खोल्यांसमोर लिंबाखाली पहारेकऱ्यासारखे उभे. तोंडावर बोट ठेवून त्यांनी मला थांबवलं आणि मावशींच्या दाराकडे हात केला.

दार अर्धवट उघडं. उंबऱ्याबाहेर मावशींच्या चपला. आत मावशी गाढ झोपलेल्या, डोक्याखाली नुसता हात.

"हळू बोला," काका पुटपुटले. मी काही बोललेच नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही दोघं एका म्हातारीच्या झिजलेल्या चपला बघत भर उन्हात उभे होतो.

गंमत पुढे झाली. पुढच्या आठवड्यात मावशींच्या चपला दारातून चोरीला गेल्या. काका असे काही हबकले की जणू त्यांनीच नेल्या होत्या. "म्याच म्हनत होतो भाईर काढा, भाईर काढा. आता ती बाई परत निगडीला जाती बघा." नवा जोड घेऊन ते धावत वाडीला गेले, मला सोबत नेलं. मावशी अनवाणी दारात उभ्या, आणि हसतायत.

"नेल्या मेल्यानं! आवो काका, असं त्वांड पाडू नगा. दारातनं नेल्या म्हंजी दार हाय की मला!"

काकांनी नवा जोड उंबऱ्याबाहेर ठेवला. परतीच्या बसमध्ये त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. "दारातनं नेल्या म्हंजी दार हाय." मग भोसरी आली, तसे उतरून गेले.

एकदा ते माझ्याही घरी आले होते. मी निगडीच्या प्राधिकरणात राहते, दोन खोल्यांचा फ्लॅट. आई गेल्यापासून एकटीच. मी तापाने पडले होते आणि एका कागदावर माझी सही हवी होती. दार उघडलं तर काका बाहेर उभे, माझ्या चपलांच्या मांडणीकडे बघत. पाच खणांच्या मांडणीत एक जोड.

"येकच मानूस?"

"एकच."

"येऊ का आत?"

सही दोन मिनिटांचं काम. ते दीड तास बसले. चहा त्यांनीच केला, आलं जरा जास्तच घातलं. बोललो काय ते आठवत नाही. जाताना म्हणाले, "येतो मधनंमधनं," आणि येत राहिले. त्यांच्या चपला दारात दिसल्या की शेजारच्या बाई विचारायच्या, "पाहुणे आलेत वाटतं?" मला ते ऐकायला बरं वाटायचं.

"आता मी तुमच्याकडे येते एकदा," मी म्हणायचे.

"या की. कवाबी या."

ही त्यांची आणखी एक सवय. 'कवाबी या' म्हणायचे आणि आपण निघालो की गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीवर, वाट बघत उभे. "खोलीत लई पसारा हाय ताई, हितंच घेऊ चहा." चहा पाजायचे, बसपर्यंत सोडायला यायचे. मला वाटायचं, एकट्या पुरुषाची खोली, लाजत असतील. मी कधी रेटलं नाही.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. काका स्वतः आमच्याच फायलीतून आलेले. मी संस्थेत नवी होते तेव्हाची माझ्या हातची पहिली फाइल त्यांची. बायको गेल्यावर ते भोसरीत एका खोलीत एकटे राहत. एकदा शिफ्ट करून आले तर सामान रस्त्यावर आणि दाराला दुसरंच कुलूप. मालकाने जागा विकली होती. "सामान पावसात गेलं," एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं, "चपला तेवढ्या पायात व्हत्या म्हनून ऱ्हायल्या." मग काम सुटलं आणि दोन वर्षं पुलाखाली. संस्थेने त्यांना पुन्हा भोसरीतच, वर्कशॉपच्या मागे, खोली मिळवून दिली. मी तीन गृहभेटींना गेले. तिन्ही वेळा त्यांनी गल्लीच्या तोंडाशी चहा पाजला. मी फायलीत लिहिलं, गृहभेट एक, गृहभेट दोन, गृहभेट तीन. आणि खाली, सुरेख अक्षरात, 'स्थिरावले'.

त्यानंतर ते आमच्याकडेच कामाला लागले. इतरांना घरी पोचवणाऱ्या माणसाच्या घरी जायचं कुणाला सुचलं नाही.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी मावशींचा फोन आला. "ताई, काल काका आलं न्हाईत. असं कदी झालं न्हाई." काकांचा फोन लागेना. कार्यालयात कुणाला काही ठाऊक नव्हतं, शुक्रवारी ते बाहेरच असतात म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. मी कपाटातून त्यांची फाइल काढली, पत्ता उतरवून घेतला. एवढी वर्षं बरोबर काम करून मला त्यांचा पत्ता फायलीत बघावा लागला.

टपरी ओलांडून त्या गल्लीत मी पहिल्यांदाच आत गेले. मालकीणबाई अंगणात बसल्या होत्या. "तुमी संस्थेतल्या का? काल सकाळी छातीत दुखाया लागलं बगा त्यांच्या. आंगुळ करून कुटंतरी निगायच्या तयारीत व्हते. बाजूच्या खोलीतल्या दोगांनी रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचायच्या आदीच गेलं. तुमचा नंबर न्हवता कुनाकडं." त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "येक वाईट वाटतंया. त्यांच्या चपला लई हुडकल्या आमी. दारात न्हाईत, मोरीपाशी न्हाईत. 'चपला, चपला' म्हनत व्हते सारकं. शेवटी तसंच अनवानी न्हेलं."

मला चपला कुठे असतील ते कळलं.

बाईंनी कुलूप काढलं. "या, तशाच या. आता कोन हाय बगाया."

मी चपला बाहेर काढल्या. "येऊ का आत?" हे शब्द तोंडात आले आणि तिथेच राहिले.

पसारा म्हणून काही नव्हताच. खिळ्याला एक सदरा. कोपऱ्यात स्टोव्ह, एक कप. दाराशी एक पिशवी, तोंड दोरीने आवळून बांधलेली, उचलून निघता येईल अशी. भिंतीला सतरंजी आणि उशी. मी उशी उचलली. खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चपला होत्या.

इतक्या वर्षांत एकही रात्र नाही. रस्त्यावरच्या शंभर माणसांना त्यांनी घरी आणलं आणि स्वतः मात्र या खोलीत पुलाखालचेच राहिले. मी एकदा, फक्त एकदा, टपरी ओलांडून आत आले असते, दर गुरुवारी माझ्या चपला या दारात राहिल्या असत्या, तर कदाचित त्यांच्याही राहिल्या असत्या. मला माझ्या सुरेख अक्षराची लाज वाटली.

दवाखान्यात जायचं होतं, सह्या करायच्या होत्या, मावशींना कळवायचं होतं. त्याआधी मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काकांच्या चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर माझ्या चपलांशेजारी जोडून ठेवल्या.

निघताना मी फक्त माझ्या घातल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "आवो, त्या आत ठिवा. दारातनं चोरीला जात्याल."

"जाऊ द्या," मी म्हणाले.