कठड्यावरची थाप

तिला गुदगुल्या फार. चारचौघींना होतात तेवढ्या नव्हेत. मागून कुणी नुसतं बोट दाखवलं तरी बाई वीतभर उडायची. घरात भावंडांनी हाच खेळ खेळून खेळून तिचा जीव नकोसा करून सोडलेला. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा घर आनंदानं नाचायचं बाकी होतं, पण आत्यानं त्यातही काडी टाकलीच.

"दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचं काम, आणि हिला पाठवताय? हिला कुणाचं बोट लागलं तर ही छपराला जाऊन चिकटते!"

आईनं हातातलं काम न सोडता सांगितलं, "वन्सं, हात ती लावणार आहे. लोक तिला नाही लावणार."

आईचं म्हणणं रास्त होतं. पण नर्सिंगच्या शाळेत काय काय करायला लावतात हे आईला कुठं ठाऊक!

सरावाच्या खोलीत लोखंडी कॉटांची रांग होती आणि कडेच्या कॉटवर रबराचा एक पुतळा. पुतळा मोठा गुणी. कितीही पुसा, कुशीवर करा, पालथा घाला, तोंडातून ब्र नाही. मुली त्याला जावईबापू म्हणायच्या. दिवसभर लोळायचं आणि सगळ्यांकडून सेवा करून घ्यायची, दुसरं काय! पण जावईबापूंवर हात बसला की शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "आता एकमेकींवर करा." बाई कधी आवाज चढवत नसत. म्हणून मुली त्यांना जास्तच टरकून असत.

हिची जोडी लागली खोलीतल्याच एका मुलीशी, जिला सगळ्या गोगलगाय म्हणत. गोगलगाईनं निगुतीनं पडदा ओढला, पाणी कोमट आहे का ते मनगटावर टाकून पाहिलं, फडकं पिळलं आणि हलक्या बोटांनी हिच्या पाठीला टेकवलं. पुढं काय झालं ते गोगलगाईलाही नीट कळलं नाही. पेशंट कॉटच्या पलीकडं उभी होती, आणि पाण्याचं भांडं गोगलगाईच्या डोक्यावर. त्या दिवसापासून हिचं नाव पडलं स्प्रिंग.

बाईंनी गोगलगाईला टॉवेल दिला आणि स्प्रिंगला परत झोपवलं.

"आता मी हात ठेवतेय. खांद्यावर," म्हणाल्या आणि मग अख्खा तळवा टेकवला, जड, पाटावर पीठ थापतात तसा. "आता खाली येतेय. पाठ पुसणार आहे." हात खांद्यावरून निघाला तो उचललाच नाही, कमरेपर्यंत तसाच आला. स्प्रिंगनं दात आवळले होते, उशी मुठीत धरली होती. पण उडाली नाही.

"बोटांनी चाचपडलं की अंग चोर आल्यासारखं दचकतं," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "आधी सांगा, मग तळवा ठेवा, आणि ठेवलेला तळवा मधेच उचलू नका. एवढं ज्यांना जमेल त्यांनी उद्यापासून वॉर्डात यावं."

स्प्रिंगला वाटलं, हे आपल्यापुरतं औषध आहे. शहाण्या माणसाला कशाला एवढी बडदास्त लागते?

वॉर्डात तिच्या वाट्याला आली गिरणीवाली आजी. उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेलेला. मोठ्या तापातून वाचली होती, पण पायांत त्राण उरलं नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू आणि गिरणीच्या खडखडाटानं कान कधीचे गेलेले. आणि हाताची मात्र अशी सणसणीत, की वॉर्डातली अर्धी माणसं तिचा प्रसाद खाऊन होती.

"सांभाळून गं," झाडलोट करणारी मावशी म्हणाली. "काल डॉक्टरांच्या कानाखाली आवाज काढलाय तिनं. शिकाऊ होते बिचारे, पण आवाज पक्का आला."

स्प्रिंगनं शिकवलेलं सगळं केलं. पडदा ओढला, पाणी तपासलं, मोठ्यानं सांगितलं, "आजी, पाठ पुसायला आलेय हं!" आणि खांद्यावर तळवा ठेवला. आजी अशी दचकली की कॉट सरकली, आणि पाठोपाठ स्प्रिंगच्या दंडावर फटका बसला.

"कोण मेलं ते! लांब हो!"

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पलीकडच्या तीन पेशंटांना कळलं की पाठ पुसायची आहे, आजीला काही पत्ता नाही.

त्या दिवशी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. चौघींनी मिळून आजीला आवळून धरलं, शिव्या खात कुशीवर केलं, आणि मोठ्या सिस्टरनी स्प्रिंगला जवळ बोलावलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. सिस्टरनी त्यावर बोट दाबून काढलं.

"चांगल्या कातडीवर दाबलं की पांढरं पडतं आणि परत रंग येतो. हे बघ, लालच राहिलं. एका अंगावर पडून पडून इथलं रक्त अडलंय. चोळायचं नाही, चोळलं की आतून आणखी खराब होतं. भार काढायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची." त्यांनी चादर सारखी केली. "फुटलं तर बेडसोअर, चिघळत जाणारी जखम. मग ही घरी कधी जाईल ते मला विचारू नकोस."

"पण ती हात लावू देत नाही, सिस्टर."

"रोज चौघींनी धरायचं म्हटलं तर मी बाकीचा वॉर्ड बंद ठेवू का? काहीतरी बघ."

स्प्रिंग बघणार काय, डोंबल! संध्याकाळी भेटायच्या वेळेला ती पेशंटांना पाणी देत होती, तेव्हा आजीचा मुलगा आला. अंगानं आडवा, भुवयांवर पिठाची साय. त्यानं आईला हाक मारली नाही, हातही लावला नाही. पायथ्याच्या लोखंडी कठड्यावर तळव्यानं दोनदा थाप मारली. कॉट थरथरली. आजीनं मान वळवली आणि लाडात आल्यासारखी म्हणाली, "आलास का रे? उशीर केलास."

स्प्रिंग तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

"दादा, ती थाप कशाला मारलीत?"

"मग काय करू?" त्याला तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. "गिरणी चालू असताना कोण कुणाचं ऐकतंय? लहानपणापासून आम्ही आईला असंच बोलावतो. दाणे सोडायच्या पत्र्याच्या पेटीवर थाप मारायची. तिला अंगातून कळतं, कुणीतरी आलं म्हणून."

"हे आम्हाला आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठं? मला वाटलं, दवाखान्यात तुमची काहीतरी वेगळी रीत असेल."

स्प्रिंग तिथंच स्वतःच्या कपाळावर हात मारून घेणार होती, पण हातात तांब्या होता. घसा फोडून सांगितलं तरी न सांगितल्यासारखंच झालं होतं. आजीला मारकी म्हणत होते सगळे. अंधारात बसलेल्या माणसाच्या अंगावर अचानक कुणाचेतरी गार हात पडले, तर तो काय आरती ओवाळील? खुद्द स्प्रिंगला तर दिसत होतं, ऐकू येत होतं, तरी ती उडत होती!

सकाळी तिनं आधी स्वतःचे हात कोमट पाण्यात धरले. मग कठड्यावर दोन थापा. आजीची मान वळली.

"कोण?"

स्प्रिंगनं आजीचा हात घेऊन आपल्या हातावर ठेवला. आजीनं बोटं, मनगट, बाही असं सगळं चाचपून पाहिलं. मग स्प्रिंगनं तोच हात ओल्या फडक्यावर नेला आणि तिथून आजीच्या पाठीकडं. आजीनं अंगठा आणि बोटात फडकं चुरून पाहिलं, पीठ जाडं की बारीक पाहावं तसं.

"पाठ पुसणार होय? मग सांगायचं ना आधी! रोज मेले चोरासारखे येतात."

स्प्रिंगला हसावं की रडावं कळेना. तिनं अख्खा तळवा खांद्यावर टेकवला आणि न उचलता खाली आणला. आजीनं अंग आखडलं, मग सैल सोडलं. कुशीवर व्हायची वेळ आली तेव्हा तर आजीनं स्वतःच कठडा पकडून ओढ घेतली. हातांत कुठं काय कमी होतं! पाठीशी उशी लावून दिली तशी म्हणाली, "हात बरे आहेत तुझे. फक्त कामाला सावकाश आहेस."

शिकवणाऱ्या बाईंना सांगायला स्प्रिंग धावतच गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शाबासकीच्या जागी विचारलं, "तुझी ड्यूटी संपल्यावर तिची कूस कोण बदलणार?"

स्प्रिंग आल्या पावली परत फिरली. पाळी बदलताना येणाऱ्या प्रत्येकीला तिनं कठड्याजवळ उभं केलं आणि थाप मारून दाखवली. मावशीलाही सोडलं नाही. मावशी म्हणाली, "आता झाडू मारायलाही दार वाजवून येऊ का?" पण दुपारी तिनं थाप मारलीच, आणि आजीनं तिच्या लेकीसुनांची चौकशी केली. शिकाऊ डॉक्टर तेवढे लांबूनच थाप मारायचे, गालावर हात ठेवून.

डागावर बोट दाबून पाहायचं काम मोठ्या सिस्टरनी स्प्रिंगकडंच ठेवलं. आधी तो लालचा लालच राहिला. मग कडेनं पांढरा पडायला लागला. एका सकाळी अख्खा पांढरा पडला आणि गुलाबी होऊन परत आला. स्प्रिंगनं खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं.

"पुरे गं," आजी म्हणाली. "भाकरी भाजली का बघतेयस?"

घरी न्यायच्या दिवशी मुलानं आईला खुर्चीत बसवलं. स्प्रिंग शेजारच्या कॉटजवळ पाठमोरी, हातात औषधांचा ट्रे. आजीला निरोप घ्यायचा होता. मुलानं हात धरून दाखवलेल्या दिशेला खुर्चीतूनच लांब होऊन तिनं स्प्रिंगच्या कमरेला बोटानं ढोसलं.

स्प्रिंग उडाली. ट्रे उडाला. गोळ्या वॉर्डभर, मावशीच्या झाडूखालीसुद्धा. सगळा वॉर्ड पोट धरून हसला. आजीला हसणं ऐकू आलं नाही, पण हाताखालून पोरगी निसटली एवढं कळलं. तिनं चाचपडत खुर्चीचा दांडा शोधला, त्यावर तळव्यानं दोनदा थाप मारली आणि वाट पाहत बसली.

स्प्रिंगनं गोळ्या तिथंच सोडल्या आणि पुढं होऊन आपला हात आजीच्या हातात दिला.